सेवेचे श्रेयांक आणि फेडायचे राहिलेले कर्ज



गेल्या वर्षभरात मी काम करते त्या वस्तीत तीन वेगवेगळ्या कॉलेजांची मुले येऊन गेली. प्रत्येकाच्या हातात छापील फॉर्म. घरात माणसे किती, शौचालय आहे का, दारू कोण पितो, मुली शाळेत जातात का, गॅस आहे की चूल. तिसऱ्यांदा तीच उत्तरे देताना एका आजीने समोरच्या मुलीला विचारले, "बाई, मागच्या वेळी लिहून नेलं त्याचं काय झालं?" मुलगी गोंधळली. मागच्या वेळेचे तिला काहीच ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "आजी, आमचा प्रोजेक्ट आहे. दोन क्रेडिटचा." बचत गटामुळे आजीला क्रेडिट म्हणजे कर्ज एवढेच माहीत. तिने मला नंतर विचारले, "कसलं कर्ज काढतेय ती पोरगी?"

मला हसू आले, पण नंतर वाटले की आजी फारशी चुकलेली नाही. वस्तीचा वेळ, वस्तीची माहिती, वस्तीचे दुःख घेऊन कोणीतरी जाते आणि परत येत नाही, याला कर्जच म्हणतात. फरक एवढाच की ते फेडायचे असते हे घेणाऱ्याला कोणी सांगितलेले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसहभाग आणि सेवा हा उच्च शिक्षणाचा श्रेयांक असलेला भाग मानला. महाराष्ट्रातही पदवीच्या नव्या आराखड्यात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना जागा मिळाली आहे. त्यावरून आपल्या कार्यकर्त्यांत दोन मते ऐकू येतात. काही म्हणतात, हे सगळे ढोंग आहे, वस्तीत पाऊल ठेवू देऊ नका. काही म्हणतात, मुले येतात, दोन वह्या वाटतात, फोटो काढतात, आपले काय जाते? मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. कारण ‘शिक्षणात समाजसेवा’ ही कल्पना काल आलेली नाही. तिला या देशात दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात दोन वेगळे प्रवाह आहेत. आपण कोणत्या प्रवाहाचे वारस आहोत हे कळले, तर या श्रेयांकांचे काय करायचे तेही कळेल.

पहिला प्रकल्प : १८५५

मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचे नाव आपल्या बहुतेकांना माहीत आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपण तो दलित साहित्याची सुरुवात म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तो वाचते, तेव्हा मला त्यात विद्यार्थ्याने आपल्या समाजाचा केलेला अभ्यास दिसतो. शाळेत मिळालेले अक्षर घेऊन ही मुलगी स्वतःच्या वाड्यात परत गेली. मांग-महार अस्वच्छ का राहतात, असा प्रश्न तिने लिहिला नाही. आम्हाला धर्म कोणता, आमच्या जमिनी कोणी घेतल्या, बाळंत होणाऱ्या आमच्या बायांच्या डोक्यावर छप्पर का नाही, हे तिचे प्रश्न होते. ती उत्तरे मागत होती ती सत्तेकडून आणि धर्माच्या ठेकेदारांकडून. वस्तीच्या सवयींची झडती तिने घेतली नाही.

असाच दुसरा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तोही एका विद्यार्थ्याचा निबंधच होता, आजच्या भाषेत सेमिनार पेपर. ज्या व्यवस्थेने त्याला वर्गात गोणपाटावर बसवले, तिचीच यंत्रणा त्याने वर्गात उलगडून दाखवली. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून आणि स्त्रीवर बंधने घालून, हे त्याने मांडले.

या दोन्ही उदाहरणांत ज्याला आज ‘समुदाय’ म्हणतात तो आणि विद्यार्थी वेगळे नाहीत. अभ्यास करणारा आणि ज्याचा अभ्यास होतो तो, एकच आहे. आपला प्रवाह इथून सुरू होतो.

कोणाच्या पैशाने कोण शिकले?

१८८२ साली हंटर आयोगासमोर महात्मा फुल्यांनी लेखी निवेदन दिले. त्यातला मुख्य मुद्दा हिशेबाचा होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सरकारी सिद्धान्त त्यांनी खोटा ठरवला. कारण झिरपले काहीच नव्हते.

पण त्याच निवेदनातला दुसरा भाग आपण कमी वाचतो. गावच्या शाळेतला शिक्षक कसा असावा, यावर तात्यासाहेबांनी लिहिले आहे. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मिसळणारा असावा, त्यांच्या गरजा जाणणारा असावा. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे. आज ‘अनुभवातून शिक्षण’, ‘समाजाशी जोडलेले शिक्षण’ असे शब्द परदेशी पुस्तकांतून आणून आपल्याला शिकवले जातात. पुण्यातल्या एका माळ्याने ते १८८२ मध्ये सरकारला लिहून दिले होते. आणि त्यात एक अट होती, जी आजच्या परिपत्रकांत सापडत नाही : शिकवणारा लोकांपासून फटकून राहणारा नको.

मी सेवेच्या विरोधात आहे, असा अर्थ कोणी काढू नये. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या. ज्या पोराला शिवणेही पाप मानले जात होते, त्याला त्यांनी पाठीवर घेतले. त्यांच्या सेवेत विटाळाचा नियम मोडला जात होता. जी सेवा नियम मोडत नाही, ती नियमाला हातभारच लावते.

१९३२ : न मिळालेले उत्तर

दुसरा प्रवाह समजून घ्यायचा, तर १९३२ च्या शेवटच्या महिन्यांकडे जावे लागते. सप्टेंबरमध्ये पुणे करार झाला. त्यानंतर लगेच अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. बाबासाहेब तेव्हा गोलमेज परिषदेसाठी निघाले होते. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून त्यांनी संघटनेचे चिटणीस अ. वि. ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले.

माझ्या मते प्रत्येक समाजकार्य महाविद्यालयात हे पत्र पहिल्या आठवड्यात शिकवले पाहिजे. बाबासाहेब त्यात विचारतात ते थोडक्यात असे : माणूस दुःखात असेल तर दोष कुठे शोधायचा? एक पद्धत म्हणते, दोष त्या माणसात आहे. मग त्याला दारू सोडायला सांगा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा, सहकारी संस्था काढा. दुसरी पद्धत म्हणते, दोष त्याच्या भोवतीच्या परिस्थितीत आहे. मग ती परिस्थिती बदला. बाबासाहेबांनी निःसंदिग्धपणे दुसरी पद्धत निवडली. पहिल्या पद्धतीने काही व्यक्ती वर येतील, पण सगळा वर्ग वर येणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

आणि ते नुसते तत्त्व सांगून थांबले नाहीत, कार्यक्रम दिला. सार्वजनिक विहिरी, शाळा, गावची चावडी, वाहने यांवरचा हक्क खेडोपाडी बजावून घेणारी कार्यकर्त्यांची फळी उभारा. त्यात संघर्ष होईल, कदाचित रक्तही सांडेल, हे त्यांनी लपवले नाही. रोजगारात समान संधी द्या. मुंबईच्या गिरण्यांतल्या विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, ते उदाहरण त्यांनी दिले. स्पृश्यांनी आपल्या घराचे दार उघडावे. आणि हे काम करणारे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांमधूनच घ्यावेत, कारण ज्याला आपल्या माणसांबद्दल प्रेम आहे तोच खरी सेवा करतो.

या पत्राची साधी पोचही मिळाली नाही, असे त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. मला वाटते, विद्यापीठांनीही ती पोच अजून दिलेली नाही. आमच्या वस्तीत आलेल्या फॉर्मवरचे प्रश्न पुन्हा आठवा. दारू कोण पितो? शौचालय वापरता का? हे पहिल्या पद्धतीचे प्रश्न आहेत. ड्रेनेजची लाइन पलीकडच्या सोसायटीपर्यंत आली आणि इथे का आली नाही, हा दुसऱ्या पद्धतीचा प्रश्न. तो त्या फॉर्मवर नव्हता.

शिकागो, नागपाडा, परळ

विद्यापीठ आणि गरीब वस्ती यांना जोडण्याची एक पाश्चात्त्य परंपराही आहे. १८८४ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये टॉयन्बी हॉल सुरू झाला. विद्यापीठातले तरुण कामगारवस्तीत येऊन राहू लागले. त्यातून प्रेरणा घेऊन जेन अॅडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस उभारले. तिथे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे जाणे-येणे होते. शिक्षण म्हणजे जगण्याची पूर्वतयारी नव्हे, शिक्षण हेच जगणे, असे ते मानत. हेच ड्यूई पुढे कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू झाले.

इकडे अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात वस्तीकेंद्र सुरू केले. तिथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले, म्हणजे आजची टिस. भारतात ‘फील्डवर्क’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग झाला तो इथे.

आता त्याच १९३६ सालाचा दुसरा प्रसंग पाहा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण रद्द केले आणि त्यांनी ते स्वखर्चाने छापले. ‘जातिनिर्मूलन’च्या शेवटाकडे ते आपल्या गुरूचे, ड्यूईंचे, ऋण मान्य करतात. एकाच शहरात, एकाच वर्षी, शिकागोच्या परंपरेचे दोन धागे दिसतात. एकातून व्यावसायिक समाजकार्य आले, दुसऱ्यातून जातीच्या मुळावर घाव घालणारा ग्रंथ. मी स्वतः समाजकार्याच्या क्षेत्रात आहे. या क्षेत्राने चांगली माणसे घडवली हे नाकारणार नाही. पण वस्तीत काम करायला शिकवताना हे दोन धागे एकत्र विणायला हवे होते, ते फार उशिरा आणि फार थोड्या ठिकाणी घडले.

एनएसएस आणि मंदिरापाशी संपलेला रस्ता

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेची कल्पना मांडली. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने विद्यापीठात जाण्यापूर्वी नऊ महिने ते वर्षभराची सक्तीची सेवा सुचवली, पण पैसा आणि व्यवस्था यांच्या अडचणींमुळे ते झाले नाही. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) समाजसेवा शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर असावी असे म्हटले. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९७३ च्या दुष्काळात ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ आणि त्यानंतर ‘घाण व रोगाविरुद्ध युवक’ असे शिबिरांचे विषय होते.

मीही एनएसएसची स्वयंसेविका होते. वर्षाचे १२० तास, सात दिवसांचे शिबिर. आमच्या शिबिरात आम्ही गावात रस्त्याचे श्रमदान केले. पहाटे उठून खडी-मुरूम टाकला. सातव्या दिवशी पाहुणे आले, भाषणे झाली, फोटो निघाले. रस्ता देवळापाशी संपला. बौद्धवाडा तिथून पुढे दोनशे पावलांवर होता. रस्त्याची आखणी सरपंचांनी करून दिली होती आणि आमच्या सरांना त्यात विचारण्यासारखे काही वाटले नाही. मला वाटले, पण मी गप्प राहिले. आडनावावरून आधीच दोघी-तिघींना शंका आली होती. ती लाज अजून माझ्याजवळ आहे.

त्या सात दिवसांनी मला काहीच शिकवले नाही असे नाही. फावडे धरायला शिकले, वेगवेगळ्या जातींच्या मुलींबरोबर एका पंगतीत जेवले. पण श्रमदानाची जागा कोण ठरवतो, हा प्रश्न विचारण्याचा तास त्या १२० तासांत नव्हता.

अशी शंका फक्त आपल्याच मनात आली असेही नाही. ‘सर्व्हिस लर्निंग’ ही संज्ञा अमेरिकेत १९६७ च्या सुमारास रूढ होऊ लागली. त्यानंतर वर्षभरातच, १९६८ मध्ये, इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत समाजसेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावले होते की तुमच्या चांगल्या हेतूंची इथे गरज नाही. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका.

सेवा आणि श्रम

एक प्रश्न आपल्या मुलांच्या पोटाचा आहे. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९४७ मध्ये तिथेच ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. त्या मुलांनी दगड फोडले, शेती केली, पण त्या श्रमातून त्यांचे स्वतःचे शिक्षण चालत होते.

आज समाजसहभागाच्या श्रेयांकासाठी मुलांनी तास भरायचे. एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर दोन श्रेयांकांचे ६० तास. ज्या मुलाच्या घरी दुचाकी आहे, त्याला ते जड नाही. पण सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी दुकानात काम करणाऱ्या आपल्या पोराने बसभाडे खर्चून, हजेरी बुडवून ते भरायचे? ज्याचे अख्खे घर पिढ्यान् पिढ्या गावाची बिनपैशाची सेवा करत आले, वेठबिगारी आणि महारकी करत आले, त्याच्याकडून पुन्हा ‘निःस्वार्थ सेवा’ मागताना विद्यापीठाने दोनदा विचार करायला हवा. महार वतन रद्द व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, ते याच बिनमोल सेवेच्या विरोधात. सेवा हा शब्द आपल्या कानांना इतरांसारखा गोड का लागत नाही, त्याचे कारण इथे आहे.

मग करायचे काय?

बहिष्कार नको. वस्तीचे दार बंद करून आपण शिकणाऱ्या मुलांना बाहेर ठेवतो, आणि त्या मुलांत आपलीही मुले असतात. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली पहिली शिकणारी पिढी तिथे घडली. ती विद्यापीठाला परकी वास्तू मानून परत फिरली नाही, तिने विद्यापीठाच्या नावासाठी सतरा वर्षे लढा दिला. नाव मिळवले, आता अभ्यासक्रमासाठी उभे राहायचे आहे. विद्यार्थी संघटना, प्राध्यापक आणि वस्तीतले कार्यकर्ते यांनी मिळून काही मागण्या कराव्यात असे मला वाटते.

पहिली, प्रश्न वस्तीने ठरवावा. मुलांनी फॉर्म घेऊन येण्याआधी विहारात बैठक व्हावी, वस्तीला काय शोधून हवे आहे ते विचारावे. गावात गायरानाचा सातबारा, स्मशानभूमीची वाट, पाण्याच्या पाइपलाइनचा नकाशा, अनुसूचित जाती वस्ती विकासाचा निधी कुठे खर्च झाला याचा माहिती अधिकारातून शोध, रोजगार हमीचे सामाजिक अंकेक्षण, असे कितीतरी विषय आहेत. हे अभ्यासही आहेत आणि उपयोगीही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहातला जमिनीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. भूगोलाचा, अर्थशास्त्राचा, कायद्याचा विद्यार्थी त्यावर काम करू शकतो.

दुसरी, अहवाल वस्तीत परत यावा. मराठीत, मोठ्याने वाचून दाखवावा, चुका दुरुस्त कराव्यात आणि एक प्रत विहारात ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मुलांनी आधी ती वाचावी. एवढे झाले तरी आजीला तीच उत्तरे चौथ्यांदा द्यावी लागणार नाहीत.

तिसरी, मुलांना प्रवासखर्च मिळावा. आपल्याच वस्तीत आधीपासून अभ्यासिका चालवणाऱ्या, जयंतीच्या निमित्ताने रक्तदान शिबिर घेणाऱ्या मुलांचे काम श्रेयांकासाठी ग्राह्य धरावे. सेवा करायला आपल्या मुलाने दुसऱ्याच्या गावी कशाला जायचे?

चौथी, सवर्ण मुलांनी सेवेसाठी फक्त आमच्या वस्तीत येऊ नये. त्यांनी आपल्या सोसायटीत, आपल्या वाड्यात सर्वेक्षण करावे. घर भाड्याने देताना आडनाव विचारतात का? कामवाल्या बाईचा कप वेगळा आहे का? लग्ने जातीबाहेर किती झाली? १९३२ च्या पत्रात बाबासाहेबांनी स्पृश्यांच्या घराच्या दाराबद्दल लिहिले होते. त्या दाराचा अभ्यास अजून व्हायचा आहे.

पाचवी, या विषयाच्या वाचनात मुक्ता साळवे यांचा निबंध, तात्यासाहेबांचे १८८२ चे निवेदन आणि बाबासाहेबांचे १९३२ चे पत्र असावे. तिन्ही मिळून फार पाने होत नाहीत. वेळ नाही हे कारण चालणार नाही.

आपल्यालाही एक गोष्ट स्वतःला विचारायची आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल खंत व्यक्त केली होती. समाजाने शिकवले, पण शिकलेले समाजाकडे परतले नाहीत. पदवी घेऊन शहरात फ्लॅट घेतलेले आपण सुटीत वस्तीवर जातो, तेव्हा तिथल्या किती मुलांचा अभ्यास घेतो? श्रेयांक देणारे कोणी नसताना केलेले काम हीच आपली परंपरा होती. विद्यापीठाकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच, जेव्हा आपली वही कोरी नसेल.

ती मुलगी, दोन क्रेडिटवाली, महिन्याभराने पुन्हा आली. कॉलेजने पाठवले नव्हते. आजीचा प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून ड्रेनेज लाइनच्या मंजुरीची कागदपत्रे मागणारा अर्ज लिहिला. तिला माहितीचा अर्ज कसा लिहायचा ते येत नव्हते, मला नकाशा वाचता येत नव्हता. तिने मला शिकवले, मी तिला. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. आले नाही तर अपील करू. पण आजी आता तिला नावाने हाक मारते.

जयभीम. नमो बुद्धाय.